कमानीवरचा गुलाब

वर्धा हें शहर फार प्राचीन नव्हे. इ. स. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्याचा कांहीं भाग वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यांत आला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळील कवठा येथें होतें. १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं नवें शहर आखून तें तेथें हलविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं आगगाडी नागपुरास पोंचली. अशा आखून वसविलेल्या शहरांचा एक विशेष असतो. त्यांत घर रस्त्याला चिकटून उभें नसतें. जुन्या गांवांतील वाड्याचा दरवाजा थेट गल्लींत उघडतो. त्याच्या चौकटीवर गणपति बसतो, वेल चढत नाहीं. फुलझाडें असलींच तर तीं आंतल्या चौकांत तुळशीवृंदावनाच्या आसपास, नाहीं तर परसांत. नव्या धर्तीच्या वस्तींत घर आवाराच्या मध्यभागीं आलें, आवाराला कुंपण आलें, कुंपणाला फाटक आलें आणि फाटकावर कमान आली. त्या कमानीवर काय चढवावें हा प्रश्न त्या आखणीचेंच अपत्य होय.

आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत हा प्रश्न दर पावसाळ्याच्या आरंभीं निघतो, आणि बहुधा त्याचा निकाल रोपवाटिकेंत टांगलेल्या रंगीत चित्रावरून लागतो. चित्रांत कमान फुलांनीं झांकून गेलेली असते. तीन वर्षांनीं प्रत्यक्ष कमानीवर कांटे आणि पानें तेवढीं दिसतात. मग खताला दोष, पाण्याला दोष, माळ्याला दोष! वास्तविक या निराशेचें कारण माळ्याच्या अज्ञानापेक्षां गुलाबाच्या वंशवृक्षांत अधिक आहे. आणि तो वंशवृक्ष असा नागमोडी आहे कीं, तो थोडा विस्तारानें सांगितल्यास वाचकांस कंटाळा येणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

दाराशीं वेल चढविण्याची हौस इंग्रजांनीं आणली असें मात्र कोणीं समजूं नये. मेघदूतांतील यक्ष आपल्या घराची खूण सांगतो, तेव्हां इंद्रधनुष्यासारखें तोरण आधीं येतें, आणि पुढें कुरबकाच्या कुंपणानें वेढलेला माधवीचा मंडप येतो. यक्षाचा रामगिरि म्हणजे रामटेक, हें मत म. म. वा. वि. मिराशी यांनीं साधार मांडलें. वाकाटकांची प्रवरपुर ही राजधानी वर्ध्यानजीकच्या पवनारास होती असेंही त्यांचें प्रतिपादन होतें. मनसर येथील उत्खननानंतर या दुसऱ्या मतास प्रतिस्पर्धी उत्पन्न झाले आहेत, व तो वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्यापुरतें महत्त्वाचें एवढेंच कीं, कालिदासाच्या मंडपावर माधवी आहे, गुलाब नाहीं. ज्ञानदेवांच्या नांवानें घरोघरीं गाइल्या जाणाऱ्या अभंगांत दाराशीं लाविलेलें रोपही मोगऱ्याचें आहे. (हल्लीं कमानीवर जिला माधवी म्हणून मिरवितात ती तांबड्या-पांढऱ्या झुपक्यांची वेल बहुतेक ठिकाणीं मधुमालती असते, कालिदासाची माधवी ती नव्हे. पण नांवांचे असे घोटाळे पुढें गुलाबाच्या बाबतींत इतके यावयाचे आहेत कीं, येथेंच थांबलेलें बरें.)

मग गुलाब आला कोठून? शब्दच साक्ष देतो. फारसींत ‘गुल’ म्हणजे फूल व ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब हें फुलाचें नांव नव्हेच, तें त्यापासून काढलेल्या सुगंधी पाण्याचें नांव. आपल्याकडे पाण्याचें नांव फुलास चिकटलें. आणि मग पाण्याला नवें नांव देण्याची पाळी आल्यावर आपण ‘गुलाबपाणी’ असा, म्हणजे अर्थतः दोनदां पाणी असलेला, शब्द बनविला! यावरून इतकें अनुमान करण्यास हरकत नाहीं कीं, बहुसंख्य लोकांची ओळख प्रथम कुपीशीं झाली आणि मग झाडाशीं. बाबराला बागांचें वेड होतें, व त्याच्या मुलींचीं नांवें गुलरंग, गुलचेहरा व गुलबदन अशीं होतीं. यांपैकीं गुलबदन बेगम हिनें पुढें हुमायूनाचा वृत्तान्त लिहिला. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचें श्रेय जहांगीरानें आपल्या आत्मवृत्तांत नूरजहानच्या आईला दिलें आहे. गुलाबपाणी तयार होत असतां त्यावर जो तवंग येतो तो तिनें निराळा काढला, असें तो म्हणतो. मराठी घरांत लग्नमुंजींच्या प्रसंगीं अत्तरगुलाब झाला, गुलाबदाणी फिरली, तें सर्व या परंपरेंतलें. परंतु अत्तराचा हा गुलाब, ज्यास शास्त्रज्ञ दमास्कसचा म्हणतात, झुडुपासारखा वाढणारा व वसंतांत एकदां फुलणारा. त्याला कमानीवर चढण्याची इच्छाही नाहीं व शक्तिही नाहीं.

चढणारे गुलाब आपल्या देशांत नव्हतेच असें मात्र नाहीं. भावप्रकाशांत शतपत्रीबरोबर ‘कुब्जक’ नांवाचें फूल येतें. कुब्जक म्हणजे वांकलेला. लांब फांद्या कमानीसारख्या झुकवून दुसऱ्या झाडांवर रेलणारा, पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झुपक्यांचा जो गुलाब काश्मीरपासून नेपाळपर्यंत हिमालयाच्या उतारावर आढळतो, व ज्याला तिकडे कुजा म्हणतात, तोच हा, असें विद्वान मानतात. निलगिरी व पळणीच्या डोंगरांतही अशीच एक पांढरी रानजात आहे. बंगालच्या दलदलींत वाढणारी तिसरी एक आहे; तिचीं मुळें पुराच्या पाण्यांत बुडालीं तरी ती मरत नाहीं. आणि मणिपूरच्या डोंगरांत जॉर्ज वॉट यास १८८२ सालीं जी सांपडली ती तर या सर्वांची थोरली बहीण शोभेल अशी. तिचीं फुलें तळहाताएवढीं असतात व वेल मोठमोठ्या वृक्षांच्या शेंड्यापर्यंत जाते. कर्नल कॉलेट यास तीच ब्रह्मदेशांतील शान डोंगरांत आढळली आणि १८८८ सालीं तिला ‘महाकाय गुलाब’ या अर्थाचें शास्त्रीय नांव मिळालें. हें सारें वैभव असूनही आपल्या कोणत्याही राजानें किंवा माळ्यानें त्यांतून दारावरचा गुलाब घडविला नाहीं. तें काम चीन, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या वांट्यास आलें. मधला धक्का मात्र कलकत्त्याचा होता.

युरोपांतल्या जुन्या गुलाबांचें एक मोठें वैगुण्य असें कीं, बहुतेक जातींस वर्षांतून एकदांच बहर येई. चीनमधील बागांत याच्या उलट वर्षाचे बारा महिने थोडेथोडे फुलणारे गुलाब शतकानुशतकें लाविले जात होते. कँटन बंदरांतून निघालेलीं कंपनीचीं जहाजें बंगालला लागून मग विलायतेस जात. १७८७ सालीं रॉबर्ट किड यानें कलकत्त्यास कंपनीची वनस्पतिबाग स्थापन केली व १७९३ पासून १८१३ पर्यंत ती रॉक्सबर्ग याच्या ताब्यांत होती. चिनी रोपांस समुद्रप्रवासांत विसावा मिळावा तो येथें. १७९२ च्या सुमारास कंपनीचे एक डायरेक्टर स्लेटर यांच्या बागेंत जो तांबडा चिनी गुलाब फुलला तो कलकत्त्याहून आलेला होता असें सांगतात. फ्रेंच लोकांनीं तर या साऱ्या कुळासच ‘बंगालचा गुलाब’ म्हणण्यास सुरुवात केली. त्यापूर्वींच लिनीअसनें १७५३ सालीं अशाच एका चिनी गुलाबाला ‘इंडिका’ ठरविलें होतें. चीनचा माल, बंगालचें नांव! वर्ध्यानजीकच्या हिंगणघाटचा कापूस गांवाच्या नांवानें मँचेस्टरपर्यंत पोंचला, पण त्यांत निदान माल गांवचा होता.

चिनी गुलाब बारमाही कां फुलतात याचा उलगडा अगदीं अलीकडे, २०१२ सालीं, फ्रेंच व जपानी संशोधकांच्या कामांतून झाला, आणि आमच्या विषयाशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे. गुलाबाच्या पेशींत फुलोऱ्याला आवर घालणारा एक घटक असतो. तो शाबूत असला म्हणजे फांदी वाढतच राहते व ऋतु आल्यावरच फुलते. चिनी गुलाबांत तो घटक मोडलेला आहे. म्हणून त्यांची प्रत्येक फांदी हातभर वाढली कीं तिच्या टोंकाशीं कळी येते आणि वाढ थांबते. अर्थात् असें झाड सदा फुललेलें, पण बुटकें राहणार. कधीं कधीं त्याच झुडुपाच्या एखाद्या फांदींत तो आवर अंशतः परत येतो. ती फांदी मग वेलीसारखी लांबच लांब जाते, पण फुलण्यांत हात आंखडते. सारांश, उंच चढणें व वारंवार फुलणें यांचें गुलाबाच्या घरांत सवतीसारखें वैर आहे. कमानीवरच्या गुलाबाचा सारा इतिहास म्हणजे या दोन सवतींस एका छपराखालीं नांदविण्याची खटपट होय.

ती प्रथम साधली अमेरिकेंत. दक्षिण कॅरोलिना प्रांतांतील चार्ल्स्टन येथें जॉन चॅम्पनीज नांवाचा भातशेतीचा मालक होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत त्याच्या बागेंत चिनी गुलाब व कुब्जकाच्या नात्यांतला कस्तुरीगंधी गुलाब यांचा संकर झाला. त्याचा शेजारी फिलिप नॉइझेट यानें त्याच्या बियांपासून पुढची पिढी काढून पॅरिसला आपल्या भावाकडे धाडली, आणि नांव राहिलें तें नॉइझेटचें. चॅम्पनीजचें नांव गुलाबाच्या वेडानें पछाडलेल्यांखेरीज आज कोणास ठाऊक नाहीं. याच सुमारास हिंदी महासागरांतील बूर्बों बेटावर, ज्यास आज रेयुनियन म्हणतात, शेताच्या कुंपणांतील दमास्कस व चिनी गुलाबांचा आपोआप संकर होऊन आणखी एक कूळ जन्मास आलें. आपल्याकडे ‘एडवर्ड’ म्हणून जो ओळखला जातो, व ज्याच्या खुंटावर पुष्कळ ठिकाणीं डोळे भरतात, तो याच कुळांतला. नंतर नॉइझेटांत पिवळ्या, चहाचा वास येणाऱ्या चिनी गुलाबांचें रक्त मिसळलें. १८३० सालीं लामार्क आला, १८५३ सालीं ‘दिजाँची कीर्ति’ या अर्थाच्या नांवाचा गुलाब आला, आणि १८६४ सालीं प्रादेल यानें मारेशाल नील पुढें आणला.

या मारेशाल नीलविषयीं दोन शब्द अधिक लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. नांव एका फ्रेंच सेनापतीचें, पण फूल विलक्षण कोमल. रंग ताज्या लोण्याचा, वास मंद चहाचा. इंग्लंडांत त्याला कांचेच्या घरांत जपावें लागे. हिंदुस्थानांतील बंगल्यांत मात्र तो उघड्यावर वाढला व फार लोकप्रिय झाला. त्याचें देंठ दुबळें असल्यामुळें फूल खालीं मान घालतें. फुलदाणींत हा दोष खराच. पण कमानीखालून जाणारा मनुष्य फुलाकडे खालून पाहतो, आणि वरून त्याच्याकडे पाहणारें फूल त्याला दुसऱ्या कोणत्या गुलाबांत मिळणार?

यानंतरचा अध्याय आमच्या मतें दिशाभूल करणारा आहे, आणि चित्रांतल्या कमानी बहुतेक त्यांतल्याच आहेत. टोकियोस यंत्रशास्त्र शिकविणारे प्राध्यापक स्मिथ यांनीं १८७८ सालीं जपानांतून स्कॉटलंडास एक झुपकेदार तांबडा वेल धाडला. तो १८९३ सालीं ‘क्रिमसन रँबलर’ या नांवानें बाजारांत आला व त्यानें सर्व युरोपाला वेड लाविलें. १९०१ सालीं अमेरिकेंतील जॅक्सन आणि पर्किन्स या पेढीनें आपल्या एका भागीदाराच्या नातीच्या नांवानें ‘डॉरथी पर्किन्स’ विक्रीस काढला. मग इंग्लंडांतील खेड्यांत त्यावांचून झोंपडी दिसेना. हे भटके वेल वर्षांत एकदांच, पण अक्षरशः हजारों फुलांनीं फुलतात, आणि छायाचित्र त्याच पंधरवड्यांत घेतात. त्यांचे पूर्वज जपान-चीनच्या थंड भागांतले. दीर्घ थंडी मिळाली तर बहर, नाहीं तर नुसता पाला. वर्ध्याची थंडी ती किती! मार्गशीर्ष-पौषांतल्या चार रात्री शेकोटी पेटवावयास लावतात इतकेंच. पुढें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि नवतप्यांत तर पक्षीही दुपारीं बाहेर पडत नाहींत. अशा ठिकाणीं डॉरथी पर्किन्सची कमान पाहून आपल्या फाटकाची अपेक्षा ठरविणें म्हणजे काश्मीरचें चित्र पाहून आर्वीस केशर पेरण्यासारखें आहे.

१९३० सालीं आलेला ‘न्यू डॉन’ हा या भटक्यांच्या घराण्यांतला पहिला विश्वासू नोकर म्हणावा. मूळ वेल एकदांच फुलणारा. त्याचीच एक फांदी वारंवार फुलूं लागली. वनस्पतीवर दिलेलें अमेरिकेंतलें पहिलें पेटंट १९३१ सालीं त्यास मिळालें. न्यायाधीशासारखीं आम्ही नेहमींच यांत एक शंका काढतों, कीं जी गोष्ट निसर्गानें एका फांदींत आपण होऊन केली तिची मालकी कोणाची? असो.

महाराष्ट्रांत शास्त्रीय बागकामाचा पाया घालणाऱ्यांत जी. मार्शल वुड्रो यांचें नांव घ्यावें लागेल. पुण्यास गणेशखिंडींतील वनस्पतिबागेचे ते अधिकारी होते आणि हिंदुस्थानांतील बागकामावरील त्यांच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. स्वातंत्र्यानंतर हें काम डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांच्याकडे आलें. गव्हाच्या संशोधनाबद्दल प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थांनीं उरलेला वेळ गुलाबास दिला, आणि १९६६ सालीं हिंदुस्थानांतील गुलाबावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गव्हांत जें केलें तेंच त्यांनीं गुलाबांत केलें. परक्या हवेंत निपजलेल्या जाती जशाच्या तशा न आणतां येथल्या उन्हांत नव्या निर्माण केल्या.

वर्ध्याचें नांव निघालें म्हणजे पुढच्या गोष्टी ओघानेंच येतात. १९३४ सालीं गांधीजी वर्ध्यास जमनालालजींच्या बागेंत राहावयास आले. ती पुढें मगनवाडी झाली. १९३६ सालीं ते शेगांवास गेले, व तेथील झोंपडीसाठीं जवळपास मिळणारें सामान वापरावें आणि खर्च अगदीं थोडा असावा अशी त्यांची अट होती. तेथें गुलाबाच्या कमानीस जागा कोठून असणार? आणि तरीही, ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली तिनें नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन हे गुलाबांचे निस्सीम भक्त होते. चंदीगडची प्रसिद्ध गुलाबबाग १९६७ सालीं झाली ती त्यांच्याच नांवाची आहे. ज्या माणसानें टकळीभोंवतीं अभ्यासक्रम रचला त्याच्या हातांत गुलाबाची कात्री शोभत होती. साधेपणा व फुलांची आवड यांत विरोध पाहणाऱ्या कांहीं स्नेह्यांस आम्ही हें उदाहरण वारंवार देतों. त्यांचें समाधान होत नाहीं ही गोष्ट वेगळी.

आतां निवडीचें. वर्ध्याच्या फाटकासाठीं गुलाब निवडतांना त्याची आजी कोठली हें आधीं विचारावें. चहागंधी, नॉइझेट आणि चिनी कुळांतले वेल, व त्याच रक्ताच्या झुडुपांपासून निघालेल्या चढत्या फांद्या, येथील हवेस मानवतात. मारेशाल नील व लामार्क यांचें नांव आलेंच. लहान गुलाबी कळ्यांचा चढता सेसिल ब्रूनर १८९४ पासूनचा आहे, आणि पांढऱ्या फुलांत १९६८ चा चढता आइसबर्ग भरंवशाचा आहे. फाटक चार फूट रुंद व कमान आठ फूट उंच असतां वीस फूट धांवणारा वेल लावणें हें घर लहान व बिऱ्हाड मोठें केल्यासारखें होतें. कांट्यांचाही विचार करावा. वाटेंत येणारा कांटा बायकांचा पदर व मुलांचे गाल यांस सोडीत नाहीं. १८६८ चा झेफिरीन द्रुएं हा बूर्बों कुळांतला सुवासिक गुलाब निष्कंटक आहे, एवढ्यासाठीं कित्येक जण तोच पसंत करतात. भुरी मात्र त्याला लवकर लागते.

गुलाबाला ताण नसतात. तो आंकड्यासारख्या कांट्यांनीं दुसऱ्याच्या आधारानें वर सरकतो. म्हणून त्याला बांधावेंच लागतें, आणि कसें बांधावें यांतच निम्मा बहर आहे. फांदी सरळ उभी वाढूं दिली तर शेंड्यांत तयार होणारा रस खालच्या डोळ्यांस दाबून ठेवतो व फूल फक्त टोंकाला येतें. तीच फांदी आडवी वांकवून बांधली कीं प्रत्येक डोळा फुटतो. बुरडानें विणलेली बांबूची ताटी याला लोखंडी कमानीहून बरी. लोखंड वैशाखांत इतकें तापतें कीं कोंवळी फांदी त्याला टेकली तेथें करपते. लोखंडच हवें असेल तर त्यावर काथ्या गुंडाळावा. काळ्या कन्हार जमिनींत पावसाळ्यांत पाणी तुंबतें व उन्हाळ्यांत हातभर भेगा पडतात, तेव्हां दोन फूट खड्डा खणून तळाशीं मुरूम, वर शेणखत व पोयटा घालावा. फाटक पूर्वेकडे असेल तर उत्तम. पश्चिमेकडे असेल, आणि दुपारची सांवली मिळण्याजोगें झाड जवळ नसेल, तर जाई लावावी. कालिदासाच्या प्रांतांत तें कमीपणाचें नाहीं. छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरांत. पण चढत्या फांदीपासून बनविलेल्या वेलास पहिलीं दोन वर्षें कात्री लावूं नये, नाहीं तर तो पुन्हां झुडूप होऊन बसतो.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची कमान पांच वर्षांत गर्द हिरवी झाली, फूल मात्र एकही नाहीं. पाहतों तों भरलेला डोळा केव्हांच मेला होता, व खालच्या रानटी खुंटाचे फुटवे मोठ्या डौलानें वर चढले होते. डोळ्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा मुळापासून ओढून काढावा लागतो. तो निरोगी व जोमदार दिसतो म्हणूनच घरच्या माणसांस त्याची कींव येते.

मणिपूरचा तो महाकाय गुलाब व बंगालच्या दलदलींतला रानगुलाब यांची आठवण अलीकडे पुन्हां झाली आहे. कोडाईकनाल येथें एम. एस. वीरराघवन व त्यांच्या पत्नी गिरिजा यांनीं, वीरराघवनांनीं सरकारी सेवा सोडल्यानंतर, याच दोन जातींच्या रक्तापासून उष्ण प्रदेशास सोसतील असे वेल काढण्याचें काम हातीं घेतलें. कमानीवरच्या गुलाबाच्या घडणींत हिमालयाखालच्या हिंदुस्थानाचा हा जवळजवळ पहिलाच हात. मणिपूर समुद्रसपाटीहून बरेंच उंच आहे, आणि त्या गुलाबाच्या संततीपैकीं कोणती विदर्भाचा वैशाख काढील हें लावून पाहिल्याशिवाय कळणार नाहीं. बंगालच्या जातीवर आमची आशा अधिक आहे. तिनें पूर पाहिला आहे व ऊनही पाहिलें आहे. फक्त काळ्या मातीच्या भेगा तिनें अद्याप पाहिलेल्या नाहींत.